जिन्यावर जिंकलेलं अजिंक्यपद

त्याला सगळे चिटणीस म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे चिटणीस" असंच म्हणायची, आणि म्हणताना ओठाचा एक कोपरा जरासा खाली ओढायची. धंद्याने तो चष्मेवाला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रांगा आणि समोरच्या भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो एकेक भिंग सरकवत विचारायचा, "आता स्पष्ट? आता? आणि आता?" मधेच थांबून सांगायचा, "मी बुद्धिबळ संघटनेचा चिटणीस आहे, बरं का." भिंगाआड एक डोळा मिटून बसलेला माणूस काय बोलणार? मान हलवायचा. त्या हललेल्या माना चिटणीस आयुष्यभर मोजत आला.

बापाने दोन्ही पोरांना एकाच पटावर खेळ शिकवला. थोरल्याच्या हातात तो असा उतरला, की मळ्यात पाटाचं पाणी सोडावं आणि त्याने आपसूक शेवटच्या वाफ्यापर्यंत जावं. थोरला दोनदा देशाचा विजेता झाला. धाकटा चिटणीस झाला. ज्याला खेळता येतं तो खेळतो. ज्याला येत नाही आणि सोडवतही नाही, तो खुर्च्या मांडतो, शिक्के मारतो, भाषणं करतो. खुर्च्या मांडण्यात कमीपणा नाही, मीही मांडल्या आहेत. पण हा माणूस खुर्च्या मांडताना खेळणाऱ्यांकडे असं बघायचा, जसं काही त्यांनी याचंच ताट ओढून घेतलं आहे.

थोरला आईजवळ राहायचा. त्या घरात एक शोकेस होतं. त्यात थोरल्याचे दोन फोटो, दोन्हीत हातात करंडक. धाकट्याचा एकच फोटो, तोही थोरल्याच्या खांद्यामागे अर्धा. एक कान, एक डोळा आणि हसू पाऊण. आई रोज सकाळी फडक्याने काच पुसायची. चिटणीस महिन्यातून एकदा आईला भेटायला जायचा आणि तिच्याशी बोलताना नजर त्या शोकेसवर ठेवायचा. वहिनी, म्हणजे चिटणिसाची बायको, मला एकदा म्हणाली, "भाऊजी, यांना सोनं नको, नाणं नको. त्या काचेमागे यांचा अख्खा फोटो लागला पाहिजे. तेवढ्यासाठी हा माणूस मला विकून येईल."

फोटो कुठलाही चालण्यासारखा नव्हता. आमच्या संघटनेची एक प्रथा होती. बक्षीस समारंभात विजेत्याने आपला शेवटच्या फेरीचा डाव सगळ्यांसमोर मांडून दाखवायचा. त्यासाठी लाकडाचा मोठा उभा पट होता. घराघरांत खिळे, आणि भोकं पाडलेल्या पत्र्याच्या सोंगट्या खिळ्यांना अडकवायच्या. विजेत्याने एकेक खेळी करत समजावून सांगायची, शेवटची स्थिती तशीच ठेवायची आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा. मग रंगारी विजेत्यांच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव लिहायचा. ही प्रथा चिटणिसानेच घातली. एका वर्षी एक पोरगेला खेळाडू समोरचा न आल्यामुळे जिंकला, तेव्हा हा व्यासपीठावरून गरजला होता, "ज्याला डाव दाखवता येत नाही, तो कसला विजेता?" टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानांची दारं खाली आली, माणसं एकमेकांना पाहून पलीकडच्या कडेने चालू लागली. आमच्याकडे रोज संध्याकाळी कुठून तरी रडण्याचा आवाज यायचा आणि कोणाच्या घरचा आहे ते विचारायलाही कोणी बाहेर पडायचं नाही. वरच्या मंडळाने कळवलं, यंदा राष्ट्रीय स्पर्धा नको. चिटणिसाने फोनवर सांगितलं, "साहेब, परंपरा खंडित होऊ देणार नाही. माझ्यावर सोपवा."

परंपरेचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याने नकाशा पाहिला होता. जे खरे खेळाडू, ते सगळे, थोरलासुद्धा, बंद रस्त्यांच्या पलीकडे अडकले होते. कोणी परदेशात, कोणी अंथरुणात. येऊ शकणार होतो ते आम्ही, उरलेसुरले. आठ नावं भरली की स्पर्धा अधिकृत धरली जायची. सात नावं जमली आणि आठवं त्याने स्वतःचं घातलं.

"तुम्हीच भरवणार आणि तुम्हीच खेळणार?" मी फोनवर विचारलं. मला गोष्टी सांगायची खोड, म्हणून तो मला गोष्टवाले म्हणायचा.

"अहो गोष्टवाले, आठ नको का पुरे व्हायला? मी त्याग करतोय."

वहिनी मागून म्हणाली, "आजपर्यंत यांनी घरातला कचरा बाहेर नेण्याचाही त्याग केला नाही."

जागा मिळाली ती फर्निचरच्या एका बंद पडलेल्या दुकानात, वरच्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलांवर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं, खुर्च्यांच्या पाठीला किमतीच्या चिठ्ठ्या लोंबत होत्या. आम्ही सोफे भिंतीकडे ढकलले आणि टेबलांवर पट मांडले. दोन खेळाडूंमध्ये पारदर्शक पत्रा, त्याला खाली हात जाईल एवढी फट. सोंगट्या धुवायचं काम वहिनीकडे. ती बादलीत साबणाचं पाणी करायची, पीठ चाळायच्या चाळणीत सोंगट्या खळखळवायची आणि जुन्या चादरीवर वाळत घालायची. "राजा असो की प्यादं, सगळ्यांच्या बुडाला सारखाच मळ," ती म्हणायची. पंच होता तिचाच भाऊ, चिटणिसाचा मेहुणा. भला माणूस, पण भावजींनी बस म्हटलं की बसायचा आणि ऊठ म्हटलं की विचारायचा, "कोणत्या बाजूला?"

पोलिसांची परवानगी दुपारपासून दिवेलागणीपर्यंतचीच होती. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. खालच्या पायऱ्यांवर शेजारच्या भिंतीची सावली पडायची. वरचा चौथरा मात्र उघडा, भर उन्हात तव्यासारखा तापलेला. तिथेच शटर. शटरपाशी चिटणीस ताप मोजायची बंदूक घेऊन उभा राहायचा. ती त्याने दुसऱ्या कोणाच्या हातात कधी दिली नाही. आकडा मर्यादेवर गेला की त्या माणसाची त्या दिवसाची फेरी गेली, समोरच्याला पूर्ण गुण. वाद नकोत म्हणून त्याने नियम केला होता, मोजणं एकदाच, पुन्हा नाही. आणि रांग पटांच्या क्रमाने. ज्याचा डाव पहिल्या पटावर, तो जिन्यात सगळ्यांच्या वर.

पहिल्या पटावर कायम कोण? संयोजक म्हणून चिटणीस.

सुरुवातीला यात कपट नव्हतं, असं मी म्हणतो. पहिल्या फेरीत तो एका ग्रंथपालाशी हरला, आणि असा हरला की बघणाऱ्याला लाज वाटावी. माझ्याशी त्याने बरोबरी केली. मी तेव्हा अर्धा झोपेत होतो. मग त्याची गाठ बँकेतल्या एका धिप्पाड कारकुनाशी होती. त्या दिवशी शटरचं कुलूप अडकलं. कारकून चौथऱ्यावर उन्हात उभा राहिला, घामाने सदरा पाठीला चिकटला. शटर उघडलं, बंदूक कपाळाला लागली आणि टूं टूं वाजली.

"ताप आहे तुम्हाला," चिटणीस म्हणाला.

"ताप कसला? ऊन आहे हे!"

"यंत्राला ऊन कळत नाही. आकडा कळतो."

कारकून शिव्या देत खाली उतरला. चिटणीस आत येऊन आपल्या टेबलाशी बसला. समोरची खुर्ची रिकामी, तिच्या पाठीला किमतीची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. मी दुसऱ्या टेबलावरून त्याचा चेहरा बघत होतो. विहिरीच्या तळाशी काहीतरी हललं की वरचं पाणी जसं नुसतं थरथरतं, तसं त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवसापासून कुलूप रोज अडकू लागलं. मोटार चालवायला शिकवणारा एक सडपातळ माणूस त्याच्यासमोर येणार होता. त्यालाही ताप निघाला. आम्ही खाली सावलीत उभे असायचो, आम्हाला कधीच ताप नसायचा. चिटणीस स्वतः आमच्या आधीच येऊन आतल्या गारव्यात बसून असायचा.

असं करत करत शेवटच्या फेरीपर्यंत पुढे राहिले ते दोघं. चिटणीस, आणि त्याच्या अर्धा गुण वर डॉक्टरबाई.

ही दातांची डॉक्टर. उंच, खांद्यात जराशी वाकलेली, आवाज खणखणीत. साथीत दवाखाना बंद ठेवावा लागला म्हणून चिडलेली, आणि चिडली की फार छान खेळायची. दोन बरोबऱ्या सोडल्या तर तिने सगळ्यांना दुखलं न दुखलंसं करून उपटलं होतं. मलाही. शेवटच्या फेरीत तिला नुसती बरोबरी पुरली असती. चिटणिसाला मात्र पूर्ण गुण हवा होता. पटावर तो त्याला देवानेही दिला नसता.

त्या दुपारी ती छत्री घेऊन आली. चौथऱ्यावर जाऊन छत्री उघडून उभी राहिली. शटर बंदच. आतून फटीशी चिटणिसाचा आवाज आला, "डॉक्टरबाई, छत्री मिटा. मागच्या माणसापासून अंतर राहत नाही."

"मागचा माणूस चार पायऱ्या खाली आहे, चिटणीससाहेब."

"नियम सगळ्यांना सारखा."

तिने छत्री मिटली. रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवला. खालून मोटारवाला ओरडला, "शाब्बास बाई! भिजवा अजून!" बऱ्याच वेळाने शटर वर गेलं. चिटणीस बंदूक घेऊन समोर. त्याने मान तिरकी केली.

"कपाळ ओलं आहे. ओल्या कपाळावर यंत्र बरोबर दाखवत नाही. पुसा आणि वाळू द्या."

"वाळू द्या? इथे?"

"मग कुठे? मोजल्याशिवाय आत घेता येत नाही."

"आणि तुमचं कोण मोजतं?"

"मी आतच असतो."

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. ऊन तिच्या कपाळावर, नाकावर, मास्कच्या कडेवर. मेहुणा आत टेबलाशी बसून घड्याळाला चावी देत होता. त्या घड्याळाला चावी नव्हतीच, ते सेलवर चालायचं. वहिनी चादर घडी करता करता थांबली. "अहो," ती म्हणाली, "बाईंना आत तरी घ्या. माणसं बघताहेत."

"तू सोंगट्या बघ."

मग त्याने बंदूक लावली. टूं टूं.

मला वाटलं डॉक्टरबाई आता त्याचे सगळे दात हातात देईल. ती हसली. मास्कवरूनही दिसावं असं डोळ्यांनी हसली. "ठीक आहे," ती म्हणाली. "समारंभ खाली अंगणात आहे ना, उघड्यावर? तिथे बंदूक नाही. मी येते. तुमचा शेवटचा डाव पाहायचाय मला."

ती जिना उतरली. चिटणिसाच्या तोंडावरचा रंग तेव्हा पहिल्यांदा उतरला. प्रथा त्याला आठवली असावी. इतके दिवस त्याला फोटो दिसत होता. फोटोच्या मागचा पट दिसला नव्हता.

अंगण म्हणजे दुकानाच्या मागची गाड्या लावायची जागा. दूर दूर खुर्च्या, कडेला उभा पट, शेजारी विजेत्यांची पाटी आणि शिडीवर रंगारी, हातात सोनेरी डबा. दिवेलागणीच्या आत सगळं उरकायचं होतं. माणसं मोजकीच, पण बँकेचा कारकूनही मुद्दाम आला होता. डॉक्टरबाई पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसली होती.

चिटणीस पटापाशी गेला. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या आपापल्या खिळ्यांवर. दाखवायला एकही खेळी नाही.

कारकून म्हणाला, "दाखवा की! कोणत्या खेळीला बाईंना ताप चढला?"

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, डाव झाला नाही, प्रथा यंदा सोडून देऊ. कोणी काही म्हणालं नसतं. पण या माणसाला प्रथाही हवी होती, फोटोही हवा होता आणि मोठेपणाही. त्याने घसा साफ केला.

"प्रतिस्पर्धी प्रकृतीच्या कारणाने येऊ शकल्या नाहीत. परंतु त्या आल्या असत्या तर डाव कसा झाला असता, ते मी दाखवतो."

वहिनीने पदर तोंडाशी नेला. मेहुणा एकटा टाळ्या वाजवू लागला, मग थांबला.

चिटणिसाने पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे अडकवलं. "हे मी. यावर बाई अशा खेळल्या असत्या." काळ्याचं प्यादं. "मग माझा घोडा. त्यांचा घोडा. माझा उंट. इथे बाई गोंधळल्या असत्या आणि हा उंट इथे—"

"मी नसते खेळले तो उंट," डॉक्टरबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"अं?"

"तो परत ठेवा. दुसरा घोडा बाहेर काढा. मी तो खेळले असते."

चिटणिसाचा हात उंटावर तसाच. मेहुणा, जन्मात पहिल्यांदाच कोणी न सांगता, बोलला, "भावजी, काळी त्यांचीच आहेत. त्या म्हणतील तसं."

त्याने उंट परत ठेवला आणि घोडा काढला. पुढे काय झालं ते मी खूप जणांना सांगितलं आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. ती खुर्चीतून हलली नाही. नखं बघत खेळी सांगायची. तो तिची सोंगटी तिच्यासाठी अडकवायचा, मग आपली शोधत उभा राहायचा. त्याने राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात नेलं, पुढे प्याद्यांची भिंत ठेवली; भित्रा माणूस घर बांधतो तसं, खिडकी नसलेलं. ती एकेक मोहरा त्या घराभोवती आणून बसवत गेली. मग म्हणाली, "वजीर. तुमच्या राजाच्या अगदी शेजारच्या घरात. शह."

"फुकट?" तो म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा खुलला.

"घ्या की. हत्तीनेच घ्यावा लागेल."

त्याने हत्तीने वजीर मारला. मारताना लोकांकडे वळून पाहिलं.

"आता घोडा," ती म्हणाली. "मात."

राजा कोपऱ्यात. शेजारी त्याचाच हत्ती, समोर त्याचीच प्यादी. पळायला जागा नाही, आणि वाट अडवणारे सगळे घरचेच. काळा घोडा खिळ्यावर हलकासा झुलत होता. कारकून इतका हसला की त्याचा मास्क खाली आला.

"हा डाव अधिकृत नाही!" चिटणीस ओरडला. "निकाल लागलेला आहे. पंच, निकाल काय आहे?"

मेहुणा पुटपुटला, "निकाल... भावजी विजेते."

"ऐकलंत? रंगारी, लिहा."

रंगाऱ्याने शिडीवरून खाली पाहिलं, पटाकडे पाहिलं. "लिहू? नक्की?"

"लिहा म्हणतो ना!"

आणि त्याने लिहिलं. अक्षरं सुरेख आली. रंगाऱ्याला कोणाचंही नाव सुरेखच काढता यायचं. डॉक्टरबाईने छत्री उचलली, वहिनीला म्हणाली, "उजवीकडची दाढ दाखवून जा, परवा गाल धरून होतात," आणि गेली. तिला त्या पाटीचं काही पडलेलं नव्हतं. ज्याला पडलेलं होतं त्याला पाटी मिळाली. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

दिवेलागण होत आली होती, पोलिसाची शिट्टी रस्त्यावर वाजली. चिटणिसाने घाईघाईने करंडक छातीशी धरला, पटासमोर उभा राहिला, कॉलर नीट केली. "अख्खा आला पाहिजे," तो मेहुण्याला म्हणाला. मेहुण्याने चांगला दहा वेळा फोटो काढला. चिटणिसाने फोन जवळ घेऊन, लांब धरून, एकेक फोटो पाहिला. आपले डोळे पाहिले, केस पाहिले, हसू पाहिलं. जगाला चष्मे लावणाऱ्याने सगळं पाहिलं आणि त्यातला सगळ्यात चांगला थोरल्याला पाठवला, खाली लिहिलं, "आईच्या शोकेससाठी."

उत्तर तो घरी पोचेपर्यंत आलं. वहिनीने ते मला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, दाढेवर हात ठेवून, कारण हसलं की ठणकत होतं. बुद्धिबळ खेळणाऱ्याची नजर फोटोत आधी माणसावर जात नाही, पटावर जाते. हे थोरल्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नव्हतं. थोरल्याने लिहिलं होतं:

"धाकट्या, अभिनंदन. काळी कोणाची होती? कित्येक वर्षांत इतकी देखणी मात पाहिली नाही. त्या माणसाला माझा नमस्कार सांग."

"मग काय कळवलं त्यांनी?" मी विचारलं.

"काय कळवणार? अजून लिहिताहेत आणि पुसताहेत. मी म्हटलं, एवढं तरी कळवा, की तो माणूस नाही, बाई आहे."

फोटो मात्र शोकेसमध्ये लागला. अख्खा, मोठा, थोरल्याच्या दोन फोटोंच्या मधोमध. रस्ते उघडल्यावर मी एकदा त्या घरी गेलो होतो. आईने काच पुसली होती. थोरल्याने मला हाताला धरून शोकेसपाशी नेलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि काचेवर बोट टेकवलं.

"हे बघा," तो म्हणाला. "हा घोडा बघा."